उलट्या पाळीतली कॉफी

ता. १७ नोव्हेंबर, रविवार

दादा,

साष्टांग नमस्कार. पत्राच्या वर काय काय लिहायचं असतं ते मला सगळं येत नाही, ते लिहिलंय असं धरून चाल. वहिनीला नमस्कार, चिमणीला पापा. अक्षर वाईट आहे ते तब्येतीमुळे नाही, ते पहिल्यापासून तसंच आहे.

काम चाललंय. मोठमोठ्या हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल सगळं आमच्या लाँड्रीत येतं. मी इस्त्रीच्या रुळावर असतो. या बाजूने दोघांनी ओली चादर ताणून आत सारायची, त्या बाजूने दोघांनी गरम चादर ओढून घडी घालायची. दिवसभर वाफ. संध्याकाळपर्यंत बोटं अशी सुरकुततात की वाटावं आजोबांची लावून आलोय. दमतो रे. घरी आल्यावर बूट काढायचंही जिवावर येतं. हे रडगाणं नाही, बातमी आहे.

फोन सोडून पत्र का, असं वाटेल तुला. फोन केला की वहिनी बोलते, तू येत नाहीस. त्याबद्दल नंतर लिहितो. आधी आमच्या कॉफीच्या मशीनचं सांगतो, मशीन म्हटलं की तू वाचशील.

खोलीत मी आणि काका असे दोघं राहतो. काका एका गोदामावर रात्रीचे पहारेकरी आहेत. कुलूप लावलं तरी तीन-तीनदा ओढून बघतात, म्हणून सगळे त्यांना कुलूपकाका म्हणतात, तोंडावरसुद्धा. आमच्या पाळ्या उलट्या. मी पहाटे निघतो, ते उजाडल्यावर येतात. ते संध्याकाळी निघतात, मी दिवे लागल्यावर येतो. एका खोलीत राहून आम्ही एकमेकांना बघतो ते फक्त रविवारी.

मशीन त्यांनी कुणीतरी टाकून दिलेल्या सामानातून उचलून आणलंय. पाणी भरायचं, कागदाच्या गाळणीत पूड घालायची आणि वेळ लावून ठेवायची. त्या वेळेला ते आपलं आपण चालू होतं आणि थेंब थेंब कॉफी गाळत बसतं. खाली तापवायची प्लेट नाही. भांडंच स्टीलचं, थर्माससारखं दुहेरी, सकाळची कॉफी दुपारीसुद्धा चटका देते. तू असतास तर पहिल्याच दिवशी मागचे स्क्रू काढून बसला असतास आणि वहिनीच्या जेवायच्या हाका वाया गेल्या असत्या.

नियम एकच. जाणाऱ्याने येणाऱ्यासाठी मशीन लावून जायचं. मी पहाटे काकांसाठी लावायचो, ते संध्याकाळी माझ्यासाठी. भांड्याचं झाकण नीट बसलं नाही तर कॉफी आत न पडता वरून ओट्यावर वाहते. पहिल्या आठवड्यात मी ओट्याला दोनदा आंघोळ घातली. काकांनी झाकणावर लाल रंगाचा टिपका काढून ठेवला. टिपका मशीनच्या तोंडासमोर आला की झाकण बसलं असं समजायचं. माझ्यासारख्याला तेवढंच शिक्षण पुरतं.

पण दादा, दमून दार उघडावं आणि आत कॉफीचा वास असावा, याची सवय लागते. खोलीत कुणी नसतं, पण कुणीतरी आपल्यासाठी काहीतरी करून गेलेलं असतं. आधीच्या नोकऱ्या सोडल्या तशी ही सोडली नाही, त्यात त्या मशीनचा वाटा आहे.

गेल्या महिन्यात मात्र मला परत सुरसुरी आली. बंदरावर जहाजं धुवायचं काम आहे असं कळलं. गेल्या रविवारी काकांना सांगितलं तर म्हणाले, जा बाबा, तुझ्या पायाखालची जमीन सगळीकडेच तापते. मला लागलं. मी म्हटलं, तुम्ही बसा कुलपं ओढत. बोलून गेलो. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि झोपले. संध्याकाळी न बोलता कामाला गेले.

सोमवारी पहाटे मी रोजच्यासारखं मशीन लावून निघालो. संध्याकाळी आलो तर खोलीत वास नाही. मशीन गप्प. म्हटलं, अस्सं, म्हातारा रुसला. बरं, मग मीही नाही लावणार. मंगळवारी नाही लावलं, बुधवारी नाही. त्यांच्याकडूनही काही नाही. बघू कोण आधी वाकतं, असं चाललं होतं माझं. त्या मशीनला हातसुद्धा लावला नाही. काकांचा पलंग कायम असा आवरलेला असतो की त्यावर कुणी झोपून गेलं की नाही ते कळत नाही. दिवसभर रुळात चादर सारता सारता मी त्यांच्यासाठी एकेक टोमणा तयार करायचो. चांगले जमले होते.

शनिवारी अर्धा दिवस होता. ठरवलं, आपणच कडक कॉफी करून प्यायची आणि त्यांच्यासाठी थेंबभरही ठेवायची नाही. भांडं उचललं तर जड लागलं. झाकण उघडलं तर आंबूस भपकारा आला आणि वर बुरशीची साय.

ती सोमवारची कॉफी होती, मीच लावलेली. काचेचं भांडं असतं तर पहिल्याच संध्याकाळी दिसलं असतं. स्टीलच्या पोटातलं काय दिसणार? सोमवारी सकाळी काका घरी आलेच नव्हते. मी आठवडाभर रिकाम्या पलंगावर रुसून बसलो होतो.

तसाच गोदामावर गेलो. दिवसपाळीचा पहारेकरी म्हणाला, त्यांना सोमवारी इथूनच दवाखान्यात नेलं, छातीत दुखत होतं. मग त्याने मला खालून वर पाहिलं. तुम्ही कोण? मी म्हटलं, एका खोलीत राहतो. पुढे त्याने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दवाखान्यात काका खाटेवर एवढेसे दिसत होते. मला पाहून त्यांनी तोंड फिरवलं. मी स्टुलावर बसून राहिलो. मग काका म्हणाले, "मला वाटलं, तू त्या दिवशीचं मनात धरून बसलास. म्हणून आला नाहीस."

मी म्हटलं, "मला वाटलं, तुम्ही धरून बसलात."

मग हसले. हसताना छातीला हात लावावा लागला. म्हणाले, "म्हणजे दोन गाढवं एका खोलीत. मालकाला सांगायला हवं, माणसांचं भाडं घेऊ नको."

पुढच्या आठवड्यात त्यांना घरी सोडतील. रात्रपाळी बंद म्हणालेत डॉक्टर. बंदरावर मी नाही म्हणून कळवलंय.

आता नंतर लिहितो म्हटलं होतं ते.

तुझ्या दुरुस्तीच्या दुकानात मी पंपाच्या मोटारीची तार अर्धीच गुंडाळून ती बाकावर टाकली आणि निघालो, तेव्हा तू स्टँडवर आला नाहीस. मीही म्हटलं, बघू कोण आधी वाकतं. वर्ष उलटून गेलं. फोनवर वहिनी म्हणते, कामात आहेत. कधी म्हणते, झोपलेत. भर दुपारी. मी म्हणायचो, राग आहे अजून, असू दे. मागच्या खेपेला ती बोलता बोलता बोलून गेली की दुकानाचं शटर आता शेजारचा शिंपी उघडून देतो. मला काय वाटलं सांगू? माझ्या जागी दुसरा धरला. त्या शिंप्यावर जळलो मी.

काल दवाखान्यातून येताना बसमध्ये ते वाक्य आठवलं. ते शटर तू एका हाताने वर भिरकावायचास, दुसऱ्या हातात चहाचा पेला असायचा. ते शिंप्याने का उघडावं? वहिनी विषय का बदलते?

दादा, तू रागावलायस की आजारी आहेस? मला दोन्हीपैकी काय ते माहीत नाही, आणि वर्षभर मी ते विचारलं नाही, कारण राग धरून बसणं सोपं होतं.

रागावला असशील तर सगळं बोल, मी मध्ये तोंड घालणार नाही. तब्येतीचं काही असेल तर लपवू नकोस. लिहिता येत नसेल तर वहिनीला सांग, चिमणीला सांग, त्या शिंप्याला सांग. मी पुढच्या रविवारी दुपारी फोन करीन. फोन धरवत नसेल तर वहिनीने तुझ्या कानाला लावावा. तू नुसतं हूं म्हटलंस तरी मी लगेच निघतो. आणि त्या रविवारीही तू फोनवर आला नाहीस, तर या वेळी तो राग आहे असं मी समजणार नाही, सोमवारच्या गाडीत बसेन.

मी वाकलोय, दादा. आता तू फक्त बोल.

तुझ्यावर अजिबात न रागावलेला,
तुझा धाकटा