बिल्ला न मागणारी

ता. ३ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. अंगात रक्त फार कमी आहे असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे तू शेवटच्या ओळीत असं लिहिलंस, जणू छत्री हरवली आहे. मी इथे वसतिगृहात परक्यांच्या मुलींना पोटभर जेवू घालते आणि माझ्या बहिणीची आईवेगळी पोर शिलाईच्या कारखान्यात वाळत चालली आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आता नीट ऐक. पाळीच्या दिवसांत पालेभाजी, डाळ, अंडं यातलं काहीतरी रोज पोटात गेलंच पाहिजे. वर लिंबू पिळ. जेवणाला लागून चहा नको आणि डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या लोहाच्या गोळीवर तर मुळीच नको. पाणी भरपूर पी. पोटात दुखतं म्हणून उपाशी निजणाऱ्या मुली इथेही आहेत, पण त्यांच्यामागे लागायला मी आहे. तुझ्यामागे कोण लागणार? शेंगदाणे, गूळ आणि खजूर पाठवते आहे. खोलीतल्या मैत्रिणींना वाटून दानशूर होऊ नकोस.

माझी माया तुला ठाऊक आहे, तिच्यासाठी दोन घास जास्त खा.

तुझी मावशी

ता. २१ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

खाऊ मिळाला. गुळाचा पत्ता मुंग्यांना माझ्याआधी लागला. तुझ्या पत्राचं खोलीत जाहीर वाचन झालं. चहाचा परिच्छेद आला तेव्हा तिघींच्याही हातात कप होते.

पण तुझ्याशी खोटं बोलवत नाही. त्या दिवसांत मी दुपारचा डबा उघडतच नाही. आमच्या मशीनच्या रांगेत एवढ्या बायका आणि संडासला जायचा बिल्ला एकच, तोही सुपरवायझरबाईंच्या गळ्यात. मी कॉलर जोडते. मी उठले की पुढचीचं मशीन थांबतं, मग तिच्या पुढचीचं, आणि सगळ्या माझ्याकडे बघत बसतात. बिल्ला मागितला की बाई कापड कापणाऱ्या पुरुषांसमोर मोठ्यानं विचारतात की परत कशाला. खाल्लं की पाणी लागतं आणि पाणी प्यायलं की जावं लागतं. म्हणून सकाळपासून कोरडीच राहते. जेवणाच्या सुट्टीत संडासापुढे ताटकळत उभी राहून एकदा पॅड बदलते, तेवढ्यात घंटा होते. संध्याकाळी खोलीवर आलं की अन्नाकडे बघवत नाही.

रागावू नकोस. रागावलीस तरी पत्र पाठव.

तुझी चिमणी

ता. २ एप्रिल

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचता वाचता डाळ करपली. मुलींनी ती मुकाट खाल्ली, माझं तोंड बघून कोणाची बोलायची हिंमत झाली नसावी.

वाटलं, तिथे येऊन त्या बाईची चांगली खरडपट्टी काढावी. पण मी परत निघाले की ती तुझ्यावर डूख धरणार. नोकरी सोड म्हणावं, तर तुझ्या बाबांचं औषधपाणी थांबतं. इकडे आड, तिकडे विहीर. तरी एवढं ऐक, बिल्ला माग. चारचौघांत माग. लाज त्या बाईला वाटू दे. तुझी आई अशीच पांढरी पडत गेली होती आणि आम्ही सगळे तिच्या रंगाचं कौतुक करत होतो. मला फार भीती वाटते गं.

बिल्ला मागितलास एवढंच कळव, मग माझा राग गेला म्हणून समज.

तुझी मावशी

ता. २५ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकायचं ठरवलं होतं. पण त्याआधीच त्या बाईंच्या जागी मला सुपरवायझर केलं. कामाच्या वेळात ही पोरगी कधी जागेवरून उठत नाही, असं मालकांनी सगळ्यांसमोर सांगितलं. टाळ्या वाजल्या. मीही हसले, वेडीसारखी.

आता मला ऑफिसचा संडास वापरता येतो. पाळीतसुद्धा पोटभर जेवते, पाणी पिते, लिंबू पिळते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की रक्त वाढतंय. तू सांगितलेलं सगळं खरं होतं.

पण त्याच आठवड्यात मालकांनी सगळ्या रांगांचे बिल्ले काढून घेतले. एकीला जमतं तर बाकीच्यांना का जमू नये, असं त्यांचं म्हणणं. मी ऑफिसात जाऊन सांगितलं की मी उपाशीतापाशी राहत होते म्हणून जमत होतं. ते म्हणाले, मग याही राहतील. पुढे बोललीस तर तूही घरी, हेही ऐकवलं. मी कामावर परत आले.

माझ्या जागी कॉलरवर नवी मुलगी आली आहे. काल तिला मशीनवरच भोवळ आली. पाळी होती, डबा भरलेला तसाच. मी तो तिच्यासमोर उघडला. पण खा म्हणायला माझी जीभ रेटेना, कारण खाल्लं-प्यायलं तर ती जाणार कुठे? मीच झाकण लावलं आणि तिला कामावर बसवलं.

लोभ असू दे. अभिनंदन मात्र लिहू नकोस.

तुझी चिमणी