तेराव्या भागाचं भांडण

प्रिय मीनल,

इथे जर्मनीत, आखनमध्ये मी खुशाल आहे. भुवईला चार टाके पडलेत, म्हणून व्हिडिओ कॉल टाळतोय. आईंचा गुडघा कसा आहे?

वर्कशॉपमधला जोसेफ पॅसिफिकमधल्या, फ्रान्सच्या ताब्यातल्या न्यू कॅलेडोनिया बेटाचा. तिथल्या दंगलीत त्याचा भाऊ गोळी लागून गेला. काल आमच्यातला लुक नावाचा फ्रेंच कामगार त्याला म्हणाला, "तुमचं बेट म्हणजे आमचा एक जिल्हा!"

मी स्वतः वाचून शिकलेला, राहवलं नाही. "चूक. जिल्हा म्हणजे हिंदी महासागरातलं तुमचं रियुनियन बेट. न्यू कॅलेडोनियासाठी फ्रेंच घटनेत स्वतंत्र तेरावा भाग आहे."

"ऐकलंस? आमच्याच घटनेत!" लुक जोसेफकडे बघून हसला. जोसेफने पान्याने त्याचा जबडा फोडला. आवरताना मी मशीनवर आपटलो.

लुक म्हणतो पाना, जोसेफ म्हणतो मूठ. पाहिलं मी एकट्याने. पाना म्हटलं तर जोसेफ तुरुंगात जाईल.

"नीट दिसलं नाही" असं मी जन्मात बोललेलो नाही. उद्या पोलिसांपुढे तेच बोलणार आहे.

तुझाच,
पद्माकर