चौथ्या शीलाची जागा

दुसरबीड,
रविवार, ११ फेब्रुवारी १९६८

प्रिय इंद्रभान,

जयभीम. पाकिटावरचं अक्षर पाहून तू आधी हसला असशील. मजुरांच्या हजेरीपलीकडे दयाराम मुकादमानं कधी चार ओळी सलग लिहिल्या नाहीत, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत! आधी लिहिलेली दोन पानं चुलीत गेली. तुझी वहिनी म्हणाली, "सयपाक मी करून राह्यलो का तुमी?" तेव्हा हे तरी पुरं करतो.

आधी इकडच्या बातम्या. रस्ता ओढ्यापर्यंत आला. खाण बंदच आहे. तू उंद्रीला निघून गेल्यापासून मी तिथं कोणाला सुरुंगाच्या वातीला हात लावू दिलेला नाही. चाळीस माणसं मातीकामावर लावली आहेत. मोतीराम दवाखान्यातून बीबी गावी घरी गेला. उजवा हात मनगटापासून गेला तो गेलाच, पण ताप उतरला. आपला हिंमत आठवीत आहे, मिशीची वाट पाहत दिवसातून दहादा आरशात बघतो आणि मास्तरांना रोज नवीन थाप मारतो. ताना यंदा दहावीला. पत्राचा विषय तीच आहे, पण तिच्यापर्यंत यायला मला जरा वेळ लागेल. तू धीर धर.

तुला आठवतं, छप्पन साली मलकापूरहून आपण नागपूरच्या गाडीत घुसलो, तेव्हा ताना तीन वर्षांची होती. मैदानावर पोचेपर्यंत ती तुझ्याच खांद्यावर होती, मी मागितली तरी तू दिली नाहीस. एवढी माणसं, सगळी पांढऱ्या कपड्यांत, आणि शपथ घ्यायची वेळ आली तेव्हा कसली शांतता झाली होती! माझ्या अंगावर काटा आला आणि तू रडत होतास. येताना तू एक छोटी पुस्तिका आणलीस आणि तिच्यातले पाली शब्द पाठ केलेस. पोरगी पाच वर्षांची झाली तशी खाटेवर समोर बसवून तू तिला पंचशील शिकवलंस. मी म्हणायचो, अरे, अर्थ कळत नाही तिला, काऊन छळतो लेकराले? तू म्हणायचास, "राहू दे बे, तोंडात बसलं का मंग डोक्यात जाईन." माझी खरं तर तेवढीही अपेक्षा नव्हती. आपण आपले जुने देव नदीत सोडले ते घर पेटल्यासारखं सगळं मागं टाकून, पोरांना तर काहीच सोडावं लागलं नाही, त्यांना हे शाळेतल्या पाढ्यांसारखंच राहणार असं मी धरून चाललो होतो. तरी रोज संध्याकाळी दिवा लागला की आम्ही चौघं बसतो. उच्चार तिचे सगळ्यांत चांगले, म्हणून गेली पाच वर्षं एकेक शील आधी ताना म्हणते आणि तिच्या मागून आम्ही.

आता खाणीतला तो दिवस. तू तिथंच होतास, तुला सांगायची गरज नाही. तरी लिहितो, कारण तो जसा झाला तसा आपण दोघांनी एकदाही तोंडातून काढलेला नाही. सुरुंगाचे सात बार भरले होते. जो वात पेटवतो त्यानंच आवाज मोजायचे, त्यानं "झाले" म्हटलं की मुकादमानं शिट्टी वाजवायची आणि मगच माणसांनी खाणीत उतरायचं, असा आपला बारा वर्षांचा रिवाज. त्या दिवशी दगडाआड बसून मी तुला हिंमतची थाप सांगत होतो. मास्तरांना त्यानं म्हशीनं वही खाल्ली म्हणून सांगितलं होतं, आणि आपल्याकडे म्हैसच नाही. हसता हसता तू म्हणालास, "झाले बे साती, वाजव." मी वाजवली. सहाच झाले होते. मोजणं तुझं काम खरं, पण कान मलाही होते आणि हसवत मीच होतो. मोतीराम शिट्टी ऐकून उतरला, त्यानं लोखंडी सब्बल मारली ती नेमकी राहिलेल्या बारावर.

रस्त्याच्या कामाचे साहेब आले तेव्हा तू जमिनीवर बसला होतास, तुझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. तू मला काही सांगायला लावलं नाहीस, हे मी कोणापुढंही म्हणेन. माझ्या डोळ्यांपुढं तुझा सुरुंगाचा परवाना आला, तुझी चार लेकरं आली, तुरुंगाचं दार आलं, आणि मी म्हणालो, मोतीराम शिट्टीच्या आधी उतरला. बाकीच्या माणसांनी माना खाली घातल्या. मुकादम म्हणेल ते. पण इंद्रभान, दुसऱ्या आठवड्यात दवाखान्यात जे झालं ते तुला माहीत नाही. साहेबांनी मोतीरामला विचारलं तेव्हा तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "मले तं शिट्टी आयकू आली होती साहेब, पण मुकादम खोटं बोलत नाही. थे म्हणते तं मीच पहिले उतरलो असन." त्याची बायको बनाबाई तर घरी येऊन माझी माफी मागून गेली, माझ्या नावाला बट्टा लागला म्हणून! इतकी वर्षं मी माणसं हाताळतो असं मिरवत आलो. एका माणसानं माझ्या शब्दाखातर स्वतःचे कान खोटे ठरवले, तेव्हा मुकादमी म्हणजे काय असते ते मला पहिल्यांदा कळलं.

आणि ताना. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, ती माझी भाकर घेऊन खाणीवर आली होती आणि लिंबाखाली बसली होती. तिनं शिट्टी ऐकली, मग मोतीरामला उतरताना पाहिलं, आणि नंतर साहेबांपुढचं माझं बोलणंही ऐकलं. संध्याकाळी घरी आलो. दिवा लागला, आम्ही बसलो, तिनं पहिलं शील म्हटलं, दुसरं, तिसरं. चौथ्याला थांबली. खोटं बोलणार नाही, हे चौथं. एक शील म्हणून व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ती डोळे मिटून गप्प बसली आणि मग पाचवं म्हणाली. मला वाटलं, विसरली असेल. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. वाढते, पाणी देते, विचारलं तर उत्तर देते, चेहऱ्यावर राग नाही. फक्त तेवढी जागा रिकामी. आठ-दहा दिवसांनी पाहतो तर हिंमतही चौथ्याला मान खाली घालून बसलेला. जो म्हशीच्या नावावर वही खपवतो, तो! आज महिना होत आला. मला इतका संताप आला होता, काय सांगू. बापाला शिक्षा करते, एवढीशी पोर, अक्कल शिकवते! एकदा हात उचलला होता, तुझी वहिनी मध्ये पडली म्हणून राहिलं.

परवा संध्याकाळी मी अंगणातल्या मोरीवर हातपाय धूत होतो. आत तिची माय तिला विचारत होती, बापाशी असं काऊन वागून राह्यली? ताना हळूच म्हणाली, "माय, मी म्हणलं का बाबाले माह्या मागं म्हणा लागते. थे त्यायचं आनखीन एक खोटं होईन. म्हणून तेवढ्यापुरतं थांबा लागते."

इंद्रभान, मी तिथंच ओल्या पायांनी उभा राहिलो. पोरगी मला शिक्षा करत नव्हती रे. रोज संध्याकाळी ती मला एका खोट्यापासून वाचवत होती, आणि मला कळू न देता. हे तिला कोणी शिकवलं? मी नाही शिकवलं. तू शब्द शिकवलेस, पण हे तूही शिकवलं नव्हतंस. आपण दोघांनी जे लाखो माणसांत उभं राहून उसन्या आवाजात म्हटलं, ते ह्या पंधरा वर्षांच्या पोरीत मुकाट्यानं केव्हा उतरलं, मला पत्ता नाही. नागपुरात त्या शांततेत जसं वाटलं होतं, अगदी तसंच मला माझ्या मोरीपाशी वाटलं. मी आत गेलो तर ती कंदिलाची काच पुसत होती. तिच्याकडे नीट पाहायचा धीर मला अजून झालेला नाही.

आता हे पत्र कशासाठी ते लिहितो. येत्या शनिवारी, सतरा तारखेला, चिखलीला साहेब चौकशी बंद करणार आहेत. ती अशीच बंद झाली तर चूक कायमची मोतीरामची, त्याला भरपाई नाही आणि कामावर जायबंदी झालेल्याला मिळते ती चौकीदाराची जागाही नाही. मी जाऊन माझं खोटं सांगणार आहे. ते सांगितलं की आवाज कोणी मोजले, हे विचारणारच, आणि मला तुझं नाव घ्यावं लागेल. माझी मुकादमी जाईल, तुझा परवाना जाईल, पुढं आणखी काय होईल ते मला ठाऊक नाही आणि त्याची मला भीती वाटते. तू स्वतः येऊन सांगावंस असं फार वाटतं, पण बळजबरी नाही. उंद्रीला येऊन तोंडावर सांगायला हवं होतं. आलो असतो तर तू बिडी पुढं केली असतीस आणि मी तसाच परत फिरलो असतो. शनिवारी दहापासून मी चिखलीच्या एस.टी. स्टँडवर थांबेन, अकरा वाजता निघेन. आलास तर दोघं मिळून जाऊ. नाही आलास तर एकटा जाईन आणि तुझं नाव सांगेन. मग तू जन्मभर माझं तोंड पाहिलं नाहीस तरी खालचे दोन शब्द मी मागं घेणार नाही.

तुझाच
दयाराम