जावयाच्या गाडीतलं पाणी

आई,

सकाळपासून पाऊस नाही, वारा मात्र आहे, आणि मी आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयोच्या किनाऱ्यावर कॅम्परव्हॅनमध्ये एकटी बसले आहे. तुझी नात आणि तिचा नवरा समुद्रात उतरलेत. या पाण्यात उतरायला माणूस इथलाच जन्मलेला हवा, माझी नुसती पोटरी बुडली तरी हाडं ठणकतात. तुझे जावई या वेळी आले नाहीत, कंबर धरली आहे त्यांची. म्हणाले, "पोरं एवढी बोलावतायत, तर तू जाऊन ये." म्हणून आले. तुला जाऊन वीसेक वर्षं झाली असतील. एवढ्या वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, कारण लिहायला बसलं की राग येतो, आणि मेलेल्या माणसावर रागावून करायचं काय? तो काही वळून बोलत नाही. पण आज मी रागावणारच आहे.

इथल्या मराठी लोकांत मी या विषयातली जाणकार बाई समजली जाते, बघ. उन्हाळा आला की फोन सुरू. "ताई, व्हॅन भाड्यानं घेतोय, काही टिप्स द्या ना." मग मी घडाघडा सांगते. फोडणी आत करू नका, बाहेर छोट्या शेगडीवर करा, नाहीतर गाद्यांचा हिंगाचा वास दिवाळीपर्यंत जात नाही. थंडीत लाल सिलिंडर घ्या, पिवळ्यातला गॅस गारठला की पेटायचं नाव घेत नाही. थंडी वाजते म्हणून हवेची भोकं कापडानं बुजवू नका, जिवावर बेतेल. रस्त्याच्या मधोमध गवत उगवलेलं दिसलं की समजा पुढं गाडी वळवायला जागा नाही. ओल्या हिरवळीवर चाक घालू नका, मग ट्रॅक्टरवाल्याच्या पाया पडावं लागतं. गाडी सपाट उभी करा, नाहीतर घावन एका बाजूला जाड होतं. लोक हसतात, लिहून घेतात. शेवटी मी विचारते, आईबाबा येणार आहेत का बरोबर? बरेच जण हो म्हणतात. त्यांना पाणी प्यायला लावा, एवढंच सांगायचं असतं. ते काही तोंडातून निघत नाही. त्यांना पुढच्या सीटवर बसवा हं, छान दिसतं, असं म्हणून मी फोन ठेवते.

पंट जाऊन युरो आले त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही ती जुनी पांढरी व्हॅन घेतली होती. डब्लिनच्या कडेचं ओंगारचं घर नवंकोरं होतं, समोर अजून खडी पडलेली, आणि दारात ही भली मोठी गाडी. तू आलीस तेव्हा आधी गाडीच पाहिलीस. आत चढलीस, प्रत्येक कप्पा उघडून बघितलास, टेबल मोडून पलंग कसा होतो ते दोनदा करून दाखवायला लावलंस. "बाप्पा, अख्खा संसार मावून राहिला नं इथं," म्हणालीस. मग ते अरुंद दार उघडलंस. शेगडीपासून हातभर अंतरावर संडास. तू दार लावलंस आणि हात धुतलेस. मी म्हटलं, अगं, एकदम स्वच्छ असतं, खाली टाकी असते, निळं औषध घालतात, वाससुद्धा येत नाही. "आणि ती टाकी भरली की?" तू विचारलंस. मी सांगितलं, बाहेरून एक झडप आहे, तिथून ओढून काढायची, चाकांवर नेऊन ठरलेल्या जागी ओतायची. कोण नेतं ते तू विचारलं नाहीस. त्या वर्षी आम्ही कॅम्पसाइटवरच राहायचो, तिथं वेगळे संडास असायचे, त्यामुळे प्रश्न आला नाही. भर पावसात छत्री घेऊन तू तिकडं चालत जायचीस. मला वाटायचं, तुला चालायला आवडतं.

पुढच्या वर्षी तू पुन्हा आलीस तेव्हा मात्र आम्ही शहाणे झालो होतो. कॅम्पसाइटवर कशाला गर्दीत, किनाऱ्यालगत कुठंही उभं राहावं, सकाळी दार उघडलं की समुद्र. ऑगस्टमध्ये पंधरवड्याची रजा काढली. डब्लिन सोडल्यावर ॲथलोनला सुपरमार्केटपाशी थांबलो, तर गाडीतून सगळ्यांत आधी तू उतरलीस आणि सगळ्यांत शेवटी परत आलीस. त्यानंतर पश्चिमेला पोचेपर्यंत घोटभर पाणी नाही. मी बाटली पुढं केली की, "थंडीत कशाला पाहिजे, घाम तरी येऊन राहिला का?" एका किनाऱ्यावर शेजारी एक म्हातारी आयरिश बाई होती, कॅरॅव्हॅनवाली. या बायका चहाला नको म्हटलं की ऐकून घेत नाहीत, आपल्यासारख्याच. तिनं मोठा मग भरून चहा तुझ्या हातात दिलाच. तू मान डोलावून थँक्यू थँक्यू केलंस आणि ती वळल्यावर चाकाआड ओतून दिलास. मी पाहिलं. मला हसू आलं, म्हटलं, आईला यांचा फिका चहा काही झेपत नाही. घरी येऊन चार जणांना ही गंमत सांगायची, असंसुद्धा ठरवलं होतं मी.

धोंड्याचा महिना होता. अनारशांचं पीठ तू नागपूरहून आणलं होतंस, ओंगारच्या घरी तळलेसही, पण तुझ्या जावयांचं ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज चाललं होतं, ते उशिरा यायचे आणि वाण राहूनच गेलं. मग तू डबा, ताम्हन आणि चांदीचं निरांजन पिशवीत घालून व्हॅनमध्ये घेतलंस. त्या सकाळी तू काठाची साडी नेसलीस. त्यांना व्हॅनच्या पायरीवर बसवलंस. ते अर्ध्या चड्डीत, दाढी वाढलेली, लाजून चूर. "अहो आई, काय हे, राहू द्या हो." तू ऐकलं नाहीस. ताम्हनात त्यांचे पाय ठेवायला लावलेस, प्यायच्या पाण्याची बाटली त्यांच्या पावलांवर रिकामी केलीस, आपल्या पदरानं पुसलेस, कुंकू लावलंस. वाऱ्यानं निरांजन तीनदा विझलं, शेवटी आत शेगडीच्या आडोशाला लावलं. तेहेतीस अनारसे दिलेस त्यांच्या हातात. नारायण असतो म्हणतात जावई त्या महिन्यात. तुझं तोंड काय उजळलं होतं गं. मी फोटो काढला नाही, कॅमेऱ्यातला रोल संपला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच नारायणानं रबरी हातमोजे घातले, झडप उघडली, टाकी ओढून काढली आणि शीळ घालत गावातल्या ओतायच्या जागेकडं निघाले. तू खिडकीशी उभी होतीस. "हे रोज तेच करतात?" मी म्हटलं, मग कोण करणार? त्यांना काही वाटत नाही गं त्याचं. "त्यांना नाही वाटत," तू म्हणालीस आणि पांघरुणांच्या घड्या करायला लागलीस. मी तेव्हा पोहे भिजवत होते. परत आल्यावर ते म्हणाले, "चौघं असून टाकी किती हलकी! आईंचं काहीच नसतं." कौतुकानं म्हणाले. तूही हसलीस.

मग तुला ताप आला. आधी वाटलं वाऱ्यानं. तू म्हणालीस, कंबर दुखून राहिली, गादी पातळ आहे. दुसऱ्या दिवशी तू मला माझ्या मावशीच्या नावानं हाक मारलीस, तेव्हा आम्ही गाडी सरळ जवळच्या हॉस्पिटलला नेली. मूत्रपिंडात जंतू गेले होते, तिथून रक्तात. तुझी साखर, तुझी रक्तदाबाची गोळी जी अंगातलं पाणी काढते, आणि पोटात पाण्याचा थेंब नाही. डॉक्टर पोरगेलासा होता, हळू आवाजात विचारत होता, शी वॉज ड्रिंकिंग ऑलराइट, वॉज शी? मी येस म्हणाले. मला खरंच येस वाटत होतं.

सलाइन लागल्यावर एका दुपारी तू चांगली शुद्धीवर आलीस. तुझे जावई लेकीला घेऊन खाली गेले होते. मी विचारलं, आई, तू पाणी का प्यायली नाहीस? तू छताकडं बघून बोललीस, "कसं पिऊ? पाय धुतले नं मी त्यांचे. त्यांच्याच हातानं माझी घाण उचलायची? नाही होत नं बाई." मी म्हटलं, अगं मग मला सांगायचंस, मी नेली असती टाकी, मी तुझी मुलगी आहे. तर तू म्हणालीस, "तू आता त्यांचीच नं." मग माझं मनगट धरलंस. "त्यांना नको सांगू. उगाच मनाला लावून घेतील." त्यानंतर तू पुन्हा भलतंच बोलायला लागलीस आणि दोन दिवसांनी गेलीस.

मला सांग, हे काय बोलणं झालं? तू आता त्यांचीच. तुझी आई लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरी जेवायची नाही, हे तू आम्हाला हसून सांगायचीस, काय ते जुने लोक म्हणायचीस. तू शिकलेली होतीस, शाळेत मुलांना शरीरशास्त्र शिकवायचीस, मूत्रपिंडाची आकृती फळ्यावर खडूनं काढायचीस. आणि संकोचापायी मेलीस. दुसरं काही नव्हतं, आई. आजार नंतर आला, आधी संकोच. तुला पुरतं माहीत होतं काय होईल ते, आणि तरी जावयासमोर हलकी टाकी तुला जास्त महत्त्वाची वाटली. मी तुझ्याच पोटची, चार फुटांवर निजलेली, आणि तू मला परकी धरून चाललीस. याला मी काय करू? याला कुठलंही औषध नाही. लोक म्हणतात काळ जातो तसं कमी होतं. नाही होत. उलट मी तुझ्या वयाच्या जवळ जाते तसं जास्त कळायला लागतं, आणि कळलं म्हणून काही हलकं होत नाही.

तुझ्या जावयांना मी सांगितलेलं नाही. तुझा शब्द पाळला म्हणून नाही. सांगितलं तर ते मोडून पडतील, आणि मग मला दोन माणसांचं दुःख सांभाळावं लागेल, तेवढी ताकद माझ्यात नाही. आजही पाहुण्यांसमोर तुझा विषय निघाला की ते म्हणतात, आईंसारखा प्रवासी पाहिला नाही, इतके दिवस बरोबर होत्या पण कसला म्हणून त्रास नाही, टाकीसुद्धा हलकी असायची. लोक हसतात. मी उठून स्वयंपाकघरात जाते, प्रेस, म्हणजे इथलं भिंतीतलं कपाट, उघडून उगाच डबे इकडचे तिकडे करते. किती वर्षं ऐकते आहे मी हे वाक्य. त्यांचं तुझ्यावर प्रेम होतं गं, खरंच होतं. त्यांनी तुझं सगळं उचललं असतं, शीळ घालत.

आता तुझ्या नातीच्या नवऱ्याचं सांगते. इथलाच मुलगा आहे, ताडमाड, कानाला वारा लागला की लाल होतो. मला नावानं हाक मारतो. धोंड्याचा महिना त्याला कळत नाही आणि मी कधी त्याचे पाय धुतले नाहीत, वाण दिलं नाही, मला ते सगळं नकोच होतं. काल मी म्हटलं, टाकी मी नेते, तर म्हणाला, "नॉट अ बॉदर, बसा तुम्ही," म्हणजे इंग्रजीतच, पण सूर असाच होता. लेक म्हणाली, "लीव्ह हिम, आई, ही लव्ह्ज इट." आणि तो गेलासुद्धा, ती टाकी लहान मुलाच्या गाडीसारखी ढकलत. मी खिडकीतून त्याची पाठ बघत राहिले आणि माझे कान तापले.

लांबून दोघं परत येताना दिसतायत, केस ओले, टॉवेल पांघरलेले. आल्या आल्या लेक चहा टाकेल आणि आर यू ग्रँड, आई, म्हणजे बरी आहेस ना, असं विचारेल, आणि मी ग्रँड म्हणेन. हे कागद घरी न्यायचे नाहीत, तुझ्या जावयांच्या हाती लागतील, वाटेत कुठंतरी फाडून टाकेन. मला सगळं माहीत आहे, आई. तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, मी शेवट पाहिला आहे. तरी डब्लिन सोडल्यापासून मी नावाला ओठ ओले करते आहे. काल संध्याकाळपासून लघवीला जळजळतंय. लेकीला सांगितलेलं नाही.