हुंकारा

६ जानेवारी २०२५, मानोरा
आले एकदाची! कारंज्यापासून एसटीत उभी होते, वर एका आजीबाईंनी तुरीच्या शेंगांचं गाठोडं माझ्या पायावर ठेवलं होतं, तरी मन फक्कड आहे. तासिका तत्त्वावरची का होईना, नोकरी लागली. महाविद्यालयाला यंदा पन्नास वर्षं होतात, म्हणून एक फेब्रुवारीला गावाच्या इतिहासाचं प्रदर्शन आहे आणि ते इतिहासाच्या नव्या मॅडमच्या, म्हणजे माझ्या, गळ्यात पडलंय. चांगलं झालं तर पूर्णवेळ जागेसाठी नाव पाठवतो, असं प्राचार्य म्हणाले. मग ते चांगलं होणारच.

मदतीला ग्रंथालयातले भागवतभाऊ आहेत, बावीस वर्षं इथेच असलेले शिपाई. त्यांच्या मते इथला निम्मा इतिहास वाळवीनं खाल्ला आणि उरलेला भाषणात संपला. आमचं जमणार.

९ जानेवारी
जुने फोटो चौदा निघाले. त्यातल्या नवांत पाहुण्यांना हार घालणं चाललंय. म्हणून ठरवलं, बघायला काही नाही तर ऐकवू. जवळच्या तांड्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या आणि हॉलच्या एका कोपऱ्यात सहा हेडफोन लावायचे. पुण्याच्या कार्यशाळेत सरांनी आम्हाला एकच नियम घोकून घेतला होता: समोरचा बोलत असताना आपण तोंड उघडायचं नाही, हं सुद्धा म्हणायचं नाही, फक्त मान हलवायची. मी त्या बाबतीत पहिली आले होते. गप्प बसण्यात मी पहिली, हे आईला अजून पटत नाही.

११ जानेवारी
भागवतभाऊंच्या गाडीवर बसून तांड्यावर गेले. निम्म्या घरांना कुलपं. माणसं ऊसतोडीला गेलीत, आता होळीलाच येतील. हिरीबाई एकटीच होती. मुलगा आणि सून बेबीबाई सांगलीकडे, नातवंडंही त्यांच्याबरोबर. पंचाहत्तरीची बाई, पण ताठ. महाविद्यालयाच्या पायाचे दगड हिनं डोक्यावर वाहिलेत. मी कशासाठी आले ते ऐकून तिला इतका आनंद झाला की मलाच लाज वाटली.

बसल्या बसल्या तिनं विचारलं, हुंकारा कोण देणार? गोष्ट सांगताना ऐकणाऱ्यानं वाक्यावाक्याला हं म्हणायचं, हा इकडचा रिवाज. एरवी नातवंडं देतात. मी यंत्र दाखवून समजावलं की यात माझा आवाज चालत नाही. ती जरा घुटमळली. म्हणाली, "हुंकारा तं पायजेच बाई. मानसानं नाही देल्ला तं दुसरं कोनी देते." वा! हे वाक्य मी फलकासाठी लगेच टिपून घेतलं. मग ती चाळीस मिनिटं बोलली आणि मी शहाण्यासारखी मान हलवत बसले.

१५ जानेवारी
आज दुपारी ग्रंथालयात बसून ते मुद्रण ऐकलं. हिरीबाईचा आवाज स्वच्छ आलाय. आणि तिच्या प्रत्येक वाक्यानंतर कुणीतरी हं म्हणतंय.

मी नव्हते म्हणत. भागवतभाऊ असतील असं वाटलं, तर ते तेव्हा रस्त्यावर पंक्चर काढत होते. त्यांनीही मुद्रण ऐकलं, त्यांना तो हं ऐकूच आला नाही. मला येतं. तो हं हिरीबाईपेक्षा माइकच्या जास्त जवळ आहे. हळू आहे, बाईचा की पुरुषाचा कळत नाही, पण फार मन लावून ऐकणाऱ्याचा आहे. शेवटी हिरीबाई म्हणते, झाली गोष्ट. मी बटण दाबायच्या आधी तो आवाज विचारतो, मग?

१८ जानेवारी
तांड्यावर जाऊन आले. हिरीबाई दारात बसून बोलत होती. समोर कोणी नाही. शेजारच्या लखीराम बाबांनी सांगितलं की मी गेले त्या दिवसापासून हे चाललंय. पायाच्या दगडांची गोष्ट संपली, तिच्या लग्नाची संपली, आता ती आईच्या आईची सांगते आहे. वाक्य झालं की थांबते, ऐकते आणि पुढे बोलते. जेवण नाही, झोप नाही. मला बघून तिनं हात जोडले, पण बोलणं थांबवता आलं नाही तिला. ओठ फुटलेत.

मी घाबरले आहे. खोटं कशाला लिहू?

२१ जानेवारी
तिला दवाखान्यात आणलं. सलाइन लावलंय. डॉक्टर म्हणतात, वय झालं. आवाज बसलाय, नुसते ओठ हलतात.

बेबीबाईला फोन लागला. मिळेल त्या गाडीनं निघते म्हणाली. मग तिनं विचारलं, हुंकारा कोणी दिला? मी म्हटलं, कोणी नाही. मग म्हणाली, "तुमी तं समोर बसल्या होत्या ना बाई. मंग तुमीच काहून नाही देल्ला?"



२३ जानेवारी
मुद्रण पुसून टाकलं. उपयोग नाही, तिचे ओठ हलतातच. प्राचार्यांना कळवलं की हेडफोनचा कोपरा रद्द. ते म्हणाले, मग प्रदर्शनात उरलं काय? आणि पूर्णवेळ जागेची फाइल कपाटात ठेवून दिली. न बोलताच कळलं.

२५ जानेवारी
डॉक्टर म्हणाले, दोन दिवस काढले तरी पुष्कळ. बेबीबाईला मुकादमानं आज कुठे सोडलं, परवा पोचेल.

लखीराम बाबा उपाय सांगून गेले. माणसानं समोर बसायचं आणि त्या दुसऱ्या आवाजाच्या आधी हं म्हणायचं. एकही वाक्य चुकवायचं नाही. मग गोष्ट माणसाची होते आणि माणसाची गोष्ट संपते. त्याचं पुढे काय होतं, ते कुठे जातं, हे मी विचारलं. बाबांनी पागोटं काढलं, परत बांधलं.

ती माझ्यामुळे मरते आहे. उद्या बसणार.

२६ जानेवारी
सकाळी दहाला बसले. बाहेर शाळेची पोरं झेंड्याची गाणी म्हणत होती. तिचे ओठ थांबले की मी हं. ओठ थांबले की हं. कधी दोघांचे हं एकदम यायचे, माझा आणि माझ्या कानाशी असलेला. तो एकदाही चिडला नाही.

पावणेतीनला हिरीबाईच्या घशातून आवाज फुटला. झाली गोष्ट. मी म्हटलं, झाली. तिनं डोळे मिटले आणि घोरायला लागली. संध्याकाळी उठून भाकर मागितली. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडले. भागवतभाऊंनी चहा आणला.

२७ जानेवारी
बेबीबाई पोचली. हिरीबाई तिच्या कानात काहीतरी पुटपुटली, ते सासूला भरवता भरवता तिनं मला सांगितलं. काही दिवस कोणाला काही सांगू नका बाई. काहीच नाही.

घसा बसलाय असं सगळ्यांना चिठ्ठी लिहून कळवलंय. जमेल. गप्प बसण्यात मी पहिली.

२८ जानेवारी
सकाळपासून एक शब्द बोलले नाही. ग्रंथालयात बसून फलकांचा मजकूर लिहायला घेतला. लिहिलं, इमारतीचा पाया एकोणीसशे पंचाहत्तर साली घातला.

कानाशी— हं.

लिहिणं म्हणजेही सांगणंच. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

२९ जानेवारी
पेन ठेवलं की विचारतं. मग? दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर, कोणालाच ऐकू येत नाही. फलक सगळे लिहून झाले— आता मागच्या कोऱ्या बाजूंवर माझंच लिहिते आहे, शाळा, आई, पहिली एसटी— हं. हं. शेवटी लिहिलं, झालं. मग?

३० जाने.
जेवण नाही. बोटं सुजलीत. तीनदा लिहिलं झालं झालं झालं— मग?

आता कळलं, हिरीबाईनं हात का जोडले होते.

सुटायचा रस्ता माहीत आहे. कोणीतरी समोर बसून हं म्हणायला हवं. मी सुटेन— मग हे त्याच्याकडे जाईल. मी कोणाला बसवणार नाही. हे एकदा केलंय मी, न कळता. कळून करणार नाही.

३१
भागवतभाऊ आले. पेन काढून घेतलं— मी खडूनं टेबलावर लिहायला लागले— त्यांनी पेन परत दिलं. रडत होते.

लखीराम बाबांकडे जाऊन आलेत. बाबांनी त्यांना सांगितलं. सगळं नाही सांगितलं— पुढचं नाही सांगितलं— भाऊंना वाटतं नुसतं हं म्हटलं की झालं—

खुर्ची ओढली. समोर बसलेत. म्हणतात, "मॅडम, वाचून दाखवा, मी आहो ना."

मी मान हलवते आहे, चार दिवस बंद ठेवलेला आवाज आता निघतच नाही. नाही— भाऊ नाही— हे तुमच्याकडे येईल— इथे लिहिते आहे, वाचा, ही ओळ वाचा— ते वही स्वतःकडे वळवून वाचताहेत, मी उलटीकडून लिहिते आहे— बोट ठेवून, एकेक ओळ, पानाच्या पहिल्या ओळीपासून— भाऊ, खालची ओळ आधी, ही, ही वाचा— पहिली ओळ झाली त्यांची, माझ्याकडे बघून हसले आणि तोंड उघ