तुझ्या कॅसेटी आणि बाबांची पेटी

आई, रविवारी सकाळी बाबांनी हाक मारली, "अगं, तुझी पेटी बघ, लागत नाहीये." पेटी म्हणजे टीव्हीखाली ठेवलेला छोटा कॉम्प्युटर. बाबांची गाणी, आपले फोटो आणि तू त्यांना मस्कतला बोलून पाठवायचीस त्या कॅसेटी, सगळं मी त्यात भरून ठेवलंय. रिमोट दाबला की तुझा आवाज. कॅसेटींना बुरशी लागली म्हणून त्या मी टाकून दिल्या, आणि दुसरी प्रत करायची राहूनच गेली. पेटीला कान लावला तर आतून टक टक ऐकू येत होतं. वायर बदलून पाहिली, अडॅप्टर बदलला. मग तपासणी लावली तेव्हा कळलं, आतली डिस्कच खराब होत चालली आहे. अशी डिस्क सारखी चालू-बंद करायची नसते. जमेल तेवढं पटकन दुसरीकडे उतरवून घ्यायचं, आणि आधी काय वाचवायचं ते आपणच ठरवायचं. मी तुझ्या कॅसेटींच्या फाइली आधी उतरवायला लावल्या. बाबा खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले.

मोहन्याच्या जुन्या घरातलं आपलं स्वयंपाकघर. तू ओट्याला टेकून उभी आहेस आणि मी, अकरा वर्षांची, पाटावर बसून टेपरेकॉर्डरच्या पॉजवर बोट ठेवलंय. "अहो, ऐकताय ना? इकडे सगळं छान आहे हं." तेवढ्यात तुझा हात वर होतो. मी बटण दाबते. तू पदर तोंडाशी धरून खोकतेस, कितीतरी वेळ, मग पाणी पितेस, मान हलवतेस, आणि मी पुन्हा बटण दाबते. "तर काय सांगत होते..." एकदा मी मुद्दाम उशीर केला. त्यांना कळावं, असं मला वाटत होतं. तू टेप मागे घेतलीस, त्या खोकल्यावर पुन्हा बोललीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "परमुलखात एकटा माणूस तो. त्याच्या जिवाला घोर लावायचा का?" दुसऱ्या दिवशी ती कॅसेट द्यायला आपण माजिवड्याला गेलो. बाबांच्या मस्कतच्या खोलीतले एक जण सुट्टीवर आलेले, ते परत निघाले होते. त्यांनी विचारलं, "वहिनी, तब्येत बरी ना?" तू मला पुढे केलंस. "मस्त आहे आई," मी म्हणाले. त्यानंतर बाबा आले ते तुझ्या दहाव्याला. त्या बटणाबद्दल मी त्यांना आजवर काही सांगितलेलं नाही.

बाकीच्या फाइली उतरल्या. शेवटची, तीच माजिवड्याची, मध्येच अडली. तासभर स्क्रीनवरचा आकडा हलला नाही. बाबांनी चहाला हात लावला नाही, मीही नाही. मग एकदाची आली. "लावून बघ," बाबा म्हणाले. तू बोलायला लागलीस. थोड्या वेळाने बारीकसा खटका आला आणि बाबा सहज म्हणाले, "इथे तिला खोकला आलेला."

"तुम्हाला कळायचं?"

"न कळायला काय झालं! तुझी आई एकदा सुरू झाली की मध्ये थांबायची का कधी? खोलीतले सगळे चेष्टा करायचे माझी, वहिनी पाणी प्यायला गेल्या बघ म्हणून." ते हसले. मग म्हणाले, "शेवटी शेवटी फार खटके यायचे गं."

मग तुम्ही आला का नाहीत, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी डिस्कची वायर काढली आणि चहा गरम करायला उठले.

हा कागद मी फाडून टाकणार आहे, त्यांच्या हाती लागायला नको. घाबरले मी, आई. का आला नाहीत ते विचारलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं असतं, म्हणून नाही विचारलं.