तुझं पान मी उघडलं नाही

आई, गेल्या आठवड्यात नगरच्या त्या हॉस्पिटलचा जुना सर्व्हर बंद केला. सगळी माहिती नव्या मशीनवर नेली, नीट पोचली का ते तपासलं आणि मग जुन्याला थांबवलं. हे काम मी राहुरीला आपल्याच स्वयंपाकघरात बसून केलं, ओट्याजवळच्या टेबलावर, कारण नेट अजूनही तिथंच बरं मिळतं. संपल्यावर चहासुद्धा करावासा वाटेना. त्या मशीनवर तुझे अखेरचे दिवस नोंदवलेले होते. आता ते नव्या मशीनवर आहेत, आणि तिथवर ते मीच नेले. तेव्हापासून तुझ्याशी बोलायचं मनात घोळतं आहे.

माझं काम तुला कधी धड सांगता आलं नाही. तू लसूण सोलत समोर बसायचीस आणि काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरं बघत राहायचीस. मशीन कुठं आहे, असं तू एकदा विचारलंस. मी म्हटलं, नगरला. मग इथं बसून काय करतेस, हा तुझा पुढचा प्रश्न. मी सांगितलं की तिथं एका बंद खोलीत ते असतं, माझ्याकडे त्याची चावी आहे असं समज. मी इथून आत जाते, ते तापलंय का, जागा भरत आली का, काही अडकलंय का ते बघते, दुरुस्त करते आणि बाहेर पडते. तिथल्या माणसांना कोणी येऊन गेल्याचं कळतही नाही. तू हातातली पाकळी सोलून ताटलीत टाकलीस. मग म्हणालीस, "म्हंजी माझ्यासारखंच हाय की."

खरंच तसंच होतं. मुलींच्या वसतिगृहात तू स्वयंपाकाला होतीस आणि सुट्टी लागली की खोल्यांच्या चाव्या तुझ्याकडे असायच्या. कुठं गळतं का, वाळवी लागली का, हे बघत तू फिरायचीस आणि मी तुझा पदर धरून मागे. एकदा तू पुढच्या खोलीत गेलीस तेव्हा मी एका मुलीचं कपाट उघडलं, तिचा मऊ निळा स्वेटर अंगात घातला आणि आरशासमोर उभी राहिले. तू दारात आलीस. मारलं नाहीस, ओरडलीही नाहीस. माझ्याकडून त्याची घडी घालून घेतलीस, कुलूप लावलंस, मला पायरीवर बसवलंस आणि म्हणालीस, "चावी दिली म्हंजी खोली दिली न्हाई. गळती बघायची आन् निघायचं." त्या सुट्टीत तू मला पुन्हा बरोबर नेलं नाहीस.

मग तो करोनाचा उन्हाळा आला. तुझा ताप उतरेना, धाप लागायला लागली, आणि दादा त्याच्या पिकअपमधून तुला नगरला घेऊन गेला. बेड मिळाला तो नेमका माझ्याच हॉस्पिटलात. मला तेव्हा हायसं वाटलं होतं. आत कुणालाच सोडत नव्हते. संध्याकाळी डॉक्टरांचा एक फोन यायचा, "स्थिर आहेत," एवढंच सांगायचे, आणि त्या एका शब्दावर आम्ही दुसरी संध्याकाळ गाठायचो. दादा आवारातल्या कडुलिंबाखाली पिकअप लावून बसलेला असायचा, मी शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन. मला तर तेव्हा सुट्टी घेणंही शक्य नव्हतं. तिथला संगणक विभागाचा माणूस स्वतःच आजारी पडून घरी होता.

अशाच एका दुपारी दादानं विचारलं. माझ्याकडे बघत नव्हता, स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होता. "तुला आतलं सगळं दिसतं ना? आईचं बघ की एकदा." मी सांगितलं की मशीन सांभाळण्यापुरताच माझा हक्क आहे, पेशंटच्या नोंदींची पानं उघडायला मनाई आहे. तो म्हणाला, ती पेशंट नाही, आई आहे. मी मान खाली घालून टाइप करत राहिले. तो खाली उतरला आणि दार इतक्या जोरानं लावलं की शेजारच्या गाडीतली माणसं वळून बघायला लागली.

त्यानंतर थोड्याच वेळात आतून सिस्टरचा फोन आला. तपासणीचे रिपोर्ट वॉर्डात दिसत नव्हते, नवी नोंद होत नव्हती, सगळं अडकून पडलं होतं. मोबाईलच्या नेटवरून मी आत शिरले. मशीन माझ्यासमोरच्या भिंतीपलीकडे, तूही त्याच भिंतीपलीकडे, आणि मला आत जायला तेवढीच एक वाट. मशीनची जागा काठोकाठ भरली होती. एकाएकी पेशंट इतके वाढले होते की नोंदींचा ढीग साचला होता. काय टाकायचं आणि काय ठेवायचं हे एकेक बघून ठरवायचं होतं. घाईत चुकीचं पुसलं असतं तर कुणाचा तरी रिपोर्ट कायमचा गेला असता. नेट मध्येच तुटत होतं, मी पुन्हा जोडत होते. घाम डोळ्यांत जात होता. नको असलेलं काढलं, बंद पडलेलं पुन्हा चालू केलं, आणि सुरू झालं का ते बघायला दाखल पेशंटची यादी उघडली. यादीत तुझं नाव होतं. नावावर जाऊन बोट दाबलं की पान उघडतं.

मी फोनवर सिस्टरला म्हटलं, तुम्ही तिकडून कुठलंही एक पान उघडून बघा. ती म्हणाली, "उघडलं मॅडम. रिपोर्ट दिसतायत." तिच्या मागे कुणीतरी आकडे मोठ्यानं वाचायला लागलं आणि फोन बंद झाला. मी यादी मिटली. लॅपटॉप मिटला. दादा लिंबाखाली पाठमोरा उभा होता.

तू गेलीस त्या दिवशी डॉक्टरांचा फोन सकाळीच आला, त्यावरूनच आम्ही ओळखलं. तुझा चेहरा आम्हाला लांबून दाखवला. तेराव्यानंतर दादा माझ्याशी बोलेनासा झाला. नेवाशाच्या मामांना तो म्हणाला होता की हिच्या हातात होतं, हिनं बघितलं असतं तर मी कुणाच्या तरी पाया पडून आत गेलो असतो, आई एकटी गेली नसती. ते माझ्या कानावर आलं. 

पुढं त्याचं मन आपोआप निवळलं. त्याच्या मुलीच्या बारशाला मी गेले तेव्हा त्यानं बाळ माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "तू केलंस ते बरोबर केलंस. बाकीच्यांच्या आयाबी होत्याच की आत." आता तो पाहुण्यारावळ्यांत अभिमानानं सांगतो, माझ्या बहिणीनं सख्ख्या आईसाठीसुद्धा नियम मोडला नाही, आमच्या आईचं वळणच तसं. लोक माना डोलावतात. मी ताटं वाढायला उठते.

हे पत्र कुणाला दाखवायचं नाही, दादाला तर नाहीच. लिहून झालं की पुसून टाकीन. नियम होता, तुझं बोलणंही आठवलं होतं, हे खोटं नाही. पण त्या दुपारी बोट थांबलं ते तेवढ्यानं नाही. त्या उन्हाळ्यात ऑक्सिजनचे आकडे आम्हा सगळ्यांनाच वाचता यायला लागले होते. पान उघडलं असतं तर मला लगेच कळलं असतं. संध्याकाळी डॉक्टर स्थिर म्हणायचे, आणि मला तेवढंच हवं होतं. मी भ्याले होते, आई.